कपाटातलं इंजिनवालं विमान आणि मैदानावर न्यायची पेटी

गेल्या महिन्यात एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षातल्या एका मुलाने विचारलं, "ताई, आमच्या कॉलेजच्या एनसीसी एअर विंगच्या कपाटात एक इंजिनवालं मॉडेल विमान पडून आहे. सर म्हणाले, उडवून दाखवलंस तर प्रोजेक्टला वापर. रिमोट आहे, विमान आहे. अजून काय काय लागेल?" फोनवर जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. त्याचं समाधान झालं नाही आणि माझंही नाही. म्हणून हे लांबलचक उत्तर.

आधीच सांगून ठेवते, माझ्या पीएचडीत विमान हा विषय नाही, ते फक्त साधन आहे. जमिनीपासून शंभरेक मीटरपर्यंत हवेचं तापमान कसं बदलत जातं, ते आम्हाला मोजायचं असतं. चार पंख्यांचा ड्रोन स्वतःच खालची-वरची हवा घुसळून टाकतो, म्हणून पंखवालं विमान. आणि मोजमापासाठी आता आम्ही इलेक्ट्रिक विमानच वापरतो, कारण इंजिनची थरथर आणि तेलकट एक्झॉस्ट सेन्सरला मानवत नाही. पण मी उडवायला शिकले ते एका निवृत्त काकांच्या ग्लो इंजिनच्या ट्रेनर विमानावर. मैदानावर काय न्यायचं आणि का, हेही तिथेच शिकले. बरंचसं चुकून.

मग इंधन हवंच कशाला? एक उदाहरण देते. ९ ऑगस्ट २००३ ला कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या केप स्पिअरहून हातातून सोडलेलं एक मॉडेल विमान ११ ऑगस्टला आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरलं. सुमारे ३,०३० किलोमीटर, ३८ तास ५२ मिनिटं, मध्ये कुठेही न थांबता. ते बनवणारे अमेरिकेचे मेनार्ड हिल तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेले होते आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. विमानाचं वजन ५ किलोच्या आत, त्यातलं निम्म्याच्या आसपास निव्वळ इंधन. तेही मेथॅनॉल नाही. कॅम्पिंगच्या कंदिलात जाळतात ते कोलमनचं इंधन. का ते आकड्यांत दिसतं. पेट्रोलसारख्या इंधनात किलोमागे सुमारे ४४ मेगाज्यूल ऊर्जा असते, मेथॅनॉलमध्ये २०च्या आसपास, आणि आपण वापरतो त्या लिथियम पॉलिमर बॅटरीत एक मेगाज्यूलसुद्धा भरत नाही. लांब पल्ला आणि वजन हा प्रश्न आला की इंधनाचं पारडं अजून जड आहे.

कॉलेजच्या कपाटातलं विमान अर्थात समुद्र ओलांडायला निघालेलं नाही. ते बहुधा '४०' किंवा '४६' साइजच्या ग्लो इंजिनचं ट्रेनर असणार. हा आकडा घनइंचाच्या शंभराव्या भागातला, ०.४० घनइंच म्हणजे साधारण ६.५ सीसी. या लेखात मी तेवढ्याचपुरतं बोलते.

दुकानात गेलात तर तुम्हाला वीस-पंचवीस वस्तूंची यादी मिळेल. ती पाठ करू नका. इंजिन सुरू का होत नाही, हे मैदानात उभं राहून शोधता आलं पाहिजे, एवढ्या एकाच हिशोबाने पेटी भरा. त्यासाठी आधी इंजिन कसं चालतं ते थोडं बघू.

ग्लो इंजिनमध्ये गाडीसारखी ठिणगी नसते. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनम मिश्रधातूच्या तारेचं बारीकसं वेटोळं असतं. सुरू करताना ते बाहेरच्या सेलने लाल-केशरी तापवायचं. इंजिन एकदा धरलं की सेल काढून घेतात, तरी वेटोळं तापलेलंच राहतं. एक तर आतल्या ज्वलनाची उष्णता, आणि दुसरं म्हणजे प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मेथॅनॉलचं ऑक्सिडीकरण उत्प्रेरकामुळे सोपं होतं. रसायनशास्त्रवाल्यांनी इथे एक मिनिट खूश व्हायला हरकत नाही. म्हणजे इंजिन चालायला तीन गोष्टी लागतात: इंधन, तापलेला प्लग आणि हवेशी योग्य प्रमाण. विमान उडायला चौथी लागते, रेडिओ. पेटीतली जवळजवळ प्रत्येक वस्तू या चारपैकी एकीची आहे.

इंधनापासून सुरुवात करू. तयार ग्लो फ्युएलमध्ये मुख्य भाग मेथॅनॉल, १५ ते २० टक्के तेल आणि नवशिक्यासाठी ५ ते १५ टक्के नायट्रोमिथेन. तेल म्हणजे एरंडेल, कृत्रिम तेल, किंवा दोन्हींचं मिश्रण. (होय, लहानपणी नाक दाबून पाजायचे तेच एरंडेल. मैदानावरचा तो गोडसर जळका वास त्याचाच.) या इंजिनला वेगळं ऑइल नसतं, जे काय वंगण मिळतं ते इंधनातूनच. त्यामुळे पैसे वाचवायला स्वस्त, कमी तेलाचं मिश्रण घेऊ नका. डबा घट्ट बंद हवा, कारण मेथॅनॉल हवेतली ओल शोषून घेतो. गेल्या वर्षीचा अर्धा उघडा डबा कपाटात सापडला तर तो वापरायचा नाही.

डब्यातून टाकीत इंधन भरायला हाताने फिरवायचा छोटा पंप घ्या, नाहीतर रबरी फुगा. नळीने तोंडाने ओढायचं नाही, कधीच नाही. मुंबईत मालवणीला २०१५ साली विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, ती मेथॅनॉलनेच. दहा मिलिलिटरइतकं पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते. त्वचेतूनही तो आत जातो, म्हणून नायट्राइल हातमोजे. डब्यावर मराठीत मोठ्या अक्षरांत 'विष' लिहा आणि रिकाम्या पाण्याच्या बाटलीत इंधन कधीही काढून ठेवू नका. हॉस्टेलमध्ये तर नाहीच. रेल्वेतून किंवा विमानातून हा डबा नेता येत नाही हेही लक्षात ठेवा, नाहीतर स्पर्धेच्या गावी पोचून रिकाम्या हातांनी बसाल.

मेथॅनॉलची आणखी एक वाईट सवय म्हणजे त्याची ज्वाळा भर उन्हात जवळपास दिसतच नाही. हवा नुसती थरथरताना दिसते. पेटीशेजारी छोटं ड्राय पावडरचं अग्निशामक आणि पाण्याचा कॅन ठेवा. मेथॅनॉल पाण्यात पूर्ण मिसळतो, त्यामुळे सांडलेल्या जागी भरपूर पाणी ओतलं की धोका बराच उतरतो.

दुसरी गोष्ट प्लगची. प्लग तापवायला 'ग्लो ड्रायव्हर' लागतो. तो म्हणजे १.२ व्होल्टचा एक जाडजूड सेल आणि प्लगवर बसणारी पकड, बस. पण प्लग साधारण ३ अँपियर ओढतो. घड्याळातल्या सेलला एवढा प्रवाह फार वेळ देता येत नाही. ड्रायव्हरबरोबर प्लगचा पाना आणि किमान दोन नवे प्लग. प्लग जिवंत आहे का बघायला तो काढून ड्रायव्हर लावायचा. वेटोळं झगझगीत केशरी दिसलं तर ठीक. नुसतं मंद लाल दिसलं, तर प्लगच्या आधी सेलवर संशय घ्यायचा.

हे वाक्य मला उशिरा कळलं. काका गावाला गेलेले असताना मी एका मैत्रिणीला घेऊन पहिल्यांदाच स्वतःच्या जोरावर मैदानावर गेले होते. इंजिन धरेना. मी नीडल दोन फेरे उघडली. तरी नाही. प्लग बदलला. तरी नाही. मग कार्ब्युरेटरवर बोट ठेवून प्रॉप फिरवत आणखी इंधन आत ओढलं. अर्ध्या तासात मी तीन-चार गोष्टी एकाच वेळी बदलून बसले होते, आणि आता नक्की काय चुकतंय हे सांगायला कुठलाच मार्ग उरला नव्हता. शेवटी शेजारी उडवणाऱ्या एका मुलाने स्वतःचा ड्रायव्हर दिला. तो लावला आणि मी प्रॉपला बोटाने झटका दिला. आत इंधन तुंबलेलं, प्लग आता खरोखर तापलेला. इंजिनने उलटा तडाखा मारला. अंगठ्याला तीन टाके. चिकन स्टिक, म्हणजे प्रॉप फिरवायची रबर चढवलेली दांडी, घरी टेबलावर राहिली होती.

काका परत आल्यावर त्यांनी पट्टी बघितली आणि एवढंच विचारलं, "तू आधी काय तपासलंस?" सांगण्यासारखं काही नव्हतं. माझ्या ड्रायव्हरचा सेल उतरलेला होता. मल्टिमीटरवर तो १.२ व्होल्ट दाखवत होता, पण भार नसताना. प्लग जोडला की धाडकन खाली यायचा. मीटर पेटीत होता, पण मी तो प्लग जोडलेला असताना लावलाच नव्हता. लॅबमध्ये पॉवर सप्लाय नेहमी भार जोडून तपासणारी मी मैदानात मात्र दुकानातल्या खेळण्यासारखी वागले.

आता प्रॉपची गंमत करून बघा. १० x ६ चा प्रॉप म्हणजे व्यास १० इंच, आणि एका फेऱ्यात तत्त्वतः ६ इंच पुढे. मिनिटाला १२,००० फेरे म्हणजे सेकंदाला २००. परीघ साधारण ०.८ मीटर. टोकाचा वेग निघतो सेकंदाला १६० मीटर, ताशी पावणेसहाशे किलोमीटर. आणि फिरताना तो दिसत नाही. त्यामुळे नियम साधे आणि कडक. इंजिन सुरू झालं की प्रॉपच्या मागे जायचं आणि नीडल मागूनच फिरवायची. प्रॉपच्या बाजूला, त्याच्या प्रतलात, कुणी उभं राहायचं नाही. पातं तुटलं तर ते तिकडेच उडतं. गळ्यातली ओळखपत्राची दोरी काढायची, ओढणी गाडीत ठेवायची, बाह्या दुमडायच्या. चीर गेलेला प्रॉप चिकटवायचा नाही, कचऱ्यात टाकायचा. जादा प्रॉप तीन न्या, पहिल्या महिन्यात लँडिंगला ते भराभर जातात. आणि विमान धरायला एक माणूस. हो, तोही सामानातच धरा. एकट्याने इंजिन सुरू करायची सवय लावूनच घेऊ नका.

इलेक्ट्रिक स्टार्टर घ्यावा का? परवडत असेल तर घ्या. तो १२ व्होल्टच्या ७ अँपियर-तासाच्या बॅटरीवर चालतो, म्हणजे कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये असते तीच. कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळते. बोटं वाचतात. पण इंजिनमध्ये इंधन तुंबलेलं असताना स्टार्टर लावलात तर द्रव दाबला जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी हाताने प्रॉप फिरवून बघायचा. अडकल्यासारखा वाटला तर प्लग काढा, विमान उलटं करा, आतलं इंधन निथळू द्या. म्हणजे पुन्हा प्लगचा पाना. पेटीतली एकच वस्तू घरी विसरायची परवानगी असेल, तर ती ही नव्हे.

तिसरी गोष्ट हवेचं प्रमाण, आणि यात खरं शास्त्र आहे. एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, मेथॅनॉलला ६.४ किलोच. म्हणून ही इंजिनं इंधन भसाभस पितात. ३०० मिलिलिटरची टाकी पूर्ण थ्रॉटलवर दहा-बारा मिनिटांत संपते. नीडल हे प्रमाण ठरवते. इंजिन गरम झाल्यावर पूर्ण थ्रॉटल द्यायचा, नीडल हळूहळू बंद करत सर्वांत जास्त आवाजाच्या टोकापर्यंत जायचं, आणि मग दोन-तीन टिचक्या परत उघडायची, म्हणजे मिश्रण थोडं 'रिच' राहतं. मग मदतनिसाने विमानाचं नाक आभाळाकडे करून दहा सेकंद धरायचं. आवाज पडला तर अजून उघडा. वर चढताना इंधनाला टाकीतून वर ढकलावं लागतं, ही त्याचीच परीक्षा. 'लीन' चाललेलं इंजिन छान किंचाळतं आणि आतून भाजतं, कारण इंधन कमी म्हणजे वंगणही कमी.

कालची नीडल आज चालत नाही, याचं कारण हवेची घनता. तापमान १५ अंशांवरून ३५ वर गेलं की त्याच दाबाला घनता सुमारे साडेसहा टक्क्यांनी घटते. म्हणजे डिसेंबरात सकाळी लावलेली नीडल दुपारी रिच होते. त्याने फार बिघडत नाही. उलटं घडलं तर मात्र गोत्यात याल. दुपारच्या उन्हात बसवलेली नीडल दुसऱ्या दिवशी थंड सकाळी तशीच ठेवली तर इंजिन लीन चालेल. कोकणातून पुण्याला विमान आणलंत तर साडेपाचशे मीटर उंचीचाही फरक पडतो. पेटीत एक साधा थर्मामीटर आणि वही ठेवा. तारीख, तापमान, नीडलचे फेरे, प्लग, प्रॉप. दहा ओळी झाल्या की तुम्हाला तुमचं इंजिन कळायला लागेल. टॅकोमीटर असला तर उत्तम, पण पहिल्या महिन्यात कान पुरतात.

चौथी गोष्ट रेडिओ. यात नवं काही विकत घ्यायचं नाही, फक्त तपासायचं आहे. रिसीव्हरची बॅटरी भार देऊन मोजा (वरचा धडा इथेही). रेंज टेस्ट करा: ट्रान्समीटर कमी शक्तीच्या मोडवर टाकून तीसेक पावलं दूर जा आणि सगळे सर्व्हो हलतात का बघा. मग हेच इंजिन चालू असताना. फेलसेफवर थ्रॉटल खाली येतो ना, तेही बघा. आणि उजवीकडे काठी ढकलल्यावर उजव्या पंखाचा एलेरॉन वर जातो की खाली? वर जायला हवा. उलटे जोडलेले एलेरॉन घेऊन उडालेलं विमान पाच सेकंदांत संपतं, आणि असं एक तरी प्रत्येक मैदानाने बघितलेलं असतं. कपाटातला रेडिओ खूप जुना असेल, लांबलचक अँटेनाचा, तर तो न वापरता २.४ गिगाहर्ट्झचा नवा संच घ्यावा असं माझं मत. खर्च होतो, पण इथे काटकसर नको.

उरलेलं पटापट. ट्रेनरचा पंख बऱ्याचदा रबरबँडने बांधतात; दहा-बारा लावायचे, शेवटचे दोन फुलीसारखे. एक्झॉस्टच्या तेलाने रबर सैल पडतं, म्हणून वापरलेले पुन्हा वापरू नका. नवे टाल्कम पावडरच्या डबीत ठेवा. सिलिकॉनची इंधन नळी अर्धा मीटर, एक फिल्टर, स्क्रू ड्रायव्हर, ॲलन की, पकड, फेव्हिक्विक, ॲरल्डाइट, चिकटपट्टी. कापडाचे तुकडे आणि साबणपाण्याचा स्प्रे भरपूर: ३०० मिलिलिटर इंधनात ४५ ते ६० मिलिलिटर तेल असतं आणि त्यातलं बरंचसं विमानावरच येऊन बसतं. प्रथमोपचार पेटी, टोपी, गॉगल, प्यायचं पाणी. हे पाणी इंधनाच्या पेटीत नको, वेगळ्या पिशवीत.

घरी निघण्याआधीची शेवटची पाच मिनिटं लोक हमखास चुकवतात. टाकी रिकामी करायची. मग इंजिन सुरू करून नळी चिमटीत धरायची आणि आतलं इंधन संपून ते आपोआप बंद पडू द्यायचं. प्लगच्या भोकात आणि कार्ब्युरेटरमध्ये आफ्टर-रन तेलाचे चार थेंब टाकून प्रॉप हाताने काही वेळा फिरवायचा. आत राहिलेल्या मिश्रणातला ओलावा आणि नायट्रोचे अवशेष बेअरिंग गंजवतात.

कायद्याचं एकच. २०२१च्या ड्रोन नियमांत 'मॉडेल' असा वेगळा प्रकार आहे: २५ किलोपर्यंतचं, शिक्षण, संशोधन किंवा हौसेसाठीचं आणि डोळ्यांना दिसत राहील एवढ्याच अंतरात उडवलं जाणारं. त्याला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. पण मैदान कुठल्या झोनमध्ये येतं ते डिजिटल स्कायच्या नकाशावर बघणं तुमचंच काम. विमानतळाजवळच्या गावात तर पहिलं काम तेच. कॉलेजची लेखी परवानगी आणि मैदानमालकाचा होकार तोंडी न ठेवता कागदावर घ्या.

आता त्या मुलासाठी. काही विकत घेण्याआधी कपाट उघड. प्लग काढ आणि प्रॉप हाताने फिरवून बघ. फिरला नाही तर पकडीने जोर लावू नकोस. जुनं एरंडेल आत वाळून लाखेसारखं घट्ट झालेलं असतं. हेअर ड्रायरने इंजिन गरम कर, पातळ तेलाचे थेंब सोड, रात्रभर ठेव, परत गरम कर. मग बहुतेक सुटतं. टाकीतली नळी बाहेर काढून वाकवून बघ, कडक झाली असेल तर ती बदलायचीच. रिसीव्हरची जुनी बॅटरी चार्ज करत बसू नकोस, सरळ नवी घे. आणि हे सगळं झालं की नीडलच्या बाजूने एक आणि टाकीचा एक, असे दोन फोटो मला पाठव. पेटीत काय घ्यायचं ते मग नेमकं सांगता येईल.